मारबतीची आरोळी आणि ‘कलोपचार’ ही संज्ञा

‘कलोपचार’ ही संज्ञा मराठीत अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. तिचे मूळ ‘आर्ट थेरपी’ हे होय. क्षयरोगातून बरे होत असताना चित्रकलेचा आधार घेणाऱ्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये हे नाव योजिले व १९४५ मध्ये त्या विषयावर ग्रंथही लिहिला. या उत्पत्तीमुळे रुग्ण आणि उपचारक हे द्वैत संज्ञेत गृहीतच आहे. सामूहिक लोककलेला ती लावताना हे गृहीत टिकते काय, हे नागपूरच्या मारबतीच्या आधारे पाहण्याचा येथे हेतू आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या या मिरवणुकीतील काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, तर पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. बांबूच्या कामट्या, कागद व रंग यांनी घडविलेल्या या स्त्रीप्रतिमांबरोबर तत्कालीन गाऱ्हाण्यांचे विडंबन करणारे बडगेही निघतात. अखेर प्रतिमांचे दहन होते. येथे रुग्ण कोण व उपचारक कोण, हे वेगळे काढता येत नाही.

आरोळीची रचना अधिक बोलकी आहे. ‘घेऊन जा’ हे आज्ञार्थी रूप आणि ‘गे’ हे सलगीचे स्त्रीसंबोधन स्थिर असते. कर्माची जागा मात्र मोकळी राहते. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार अशी नवनवी नामे तीत येऊन बसतात. अमरावती मार्गावरील आमच्या वाडीत कारखाने व गोदामे यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यांतील मुलास ओवीचा छंद साधण्यास वर्षे लागतील. ही आरोळी एका सकाळीत साधते. आपल्या पदरचे एक नाम घातले की तो परका उरत नाही. दुःखाला वाक्यात जागा मिळणे, हेच येथील आपलेपण होय.

परंतु याच मोकळ्या जागेत धोकाही आहे. लोकसमजूत काळ्या मारबतीचा संबंध बाकाबाई भोसले यांच्याशी जोडते. म्हणजे व्यक्तिद्वेषाचे बीज प्रतिमेत आहेच. व्याकरण मात्र मारबतीस कर्मस्थानी बसवीत नाही. ती पीडा नव्हे, पीडा वाहून नेणारी आहे. तिलाच शेवटी जाळले जाते, ही विसंगती नाकारण्यात अर्थ नाही. उद्या त्या मोकळ्या जागेत पीडेऐवजी शेजाऱ्याचे नाव बसले, तर वाक्य शुद्धच राहील; समाज मात्र दुभंगेल.

म्हणून मारबतीस ‘कलोपचार’ म्हणून गौरविण्यापूर्वी अभ्यासकाने एवढेच तपासावे : यंदा कर्मस्थानी कोणते नाम आले, आणि ज्याचे ते नाम आहे तो स्वतः त्या मिरवणुकीत चालू शकतो काय?