दाभोळ वीज खरेदी करार : प्रणाली-विश्लेषणाच्या तरतुदींच्या दृष्टीने एक समीक्षा

१. प्रस्तावना

मोठ्या प्रकल्पाचा करार हा दोन पक्षांमधील देण्याघेण्याचा दस्तऐवज असतो. त्याचबरोबर तो आधीपासून चालत असलेल्या एका व्यवस्थेत नव्या घटकाची भर घालणारा दस्तऐवजही असतो. पहिल्या भूमिकेचा विचार वकील, लेखापाल आणि अर्थसंस्था बारकाईने करतात. दुसऱ्या भूमिकेचा विचार कोणी करावा, केव्हा करावा आणि तो प्रतिकूल निघाल्यास काय व्हावे, याविषयी पुष्कळ करार मौन पाळतात. या मौनाची किंमत किती मोठी असू शकते, याचे महाराष्ट्राच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे दाभोळ वीज कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात ८ डिसेंबर १९९३ रोजी झालेला वीज खरेदी करार होय.

या करारावर आजवर विपुल लेखन झाले आहे. राजकीय हितसंबंध, गोपनीयता, पर्यावरण, गुहागर तालुक्यातील स्थानिकांचा विरोध, विदेशी भांडवलाचे स्वरूप अशा अनेक अंगांनी त्याची चर्चा झाली. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन मर्यादित आहे. करारातील प्रणाली-विश्लेषणविषयक तरतुदी कोठे होत्या, कोठे नव्हत्या आणि त्या अभावाचे परिणाम काय झाले, एवढाच प्रश्न येथे तपासला आहे.

२. संकल्पनेचे स्पष्टीकरण

एखाद्या घटकाचा सुटा विचार न करता तो ज्या समग्र व्यवस्थेत बसवायचा आहे तिच्यावर होणारा त्याचा परिणाम तपासणे, म्हणजे प्रणाली-विश्लेषण. वीजक्षेत्रात या विश्लेषणाचे किमान तीन थर संभवतात. पहिला तांत्रिक : नव्या केंद्राची वीज वाहून नेण्यास पारेषण जाळे समर्थ आहे काय. दुसरा आर्थिक-परिचालनात्मक : दिवसाच्या व ऋतूच्या बदलत्या मागणीत या केंद्राची वीज केव्हा लागेल आणि ती घेण्यासाठी कोणती अन्य केंद्रे मागे ठेवावी लागतील. तिसरा वित्तीय : वीज घेणाऱ्या संस्थेची वसुली तिचे मूल्य चुकते करण्यास पुरेल काय.

हे विश्लेषण नियोजनाच्या टेबलावर करण्याचे काम आहे, त्याचा कराराशी संबंध काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर सरळ आहे. नियोजनाचा अहवाल कोणावरही बंधनकारक नसतो, करार असतो. दोहोंत विसंगती निर्माण झाली की अहवाल कपाटात राहतो आणि करारातील देयके मात्र दरमहा येत राहतात. म्हणून विश्लेषणाचा निष्कर्ष आणि कराराचे बंधन यांना जोडणारा दुवा करारातच असावा लागतो.

३. करारात काय होते

दाभोळ करार हा निष्काळजीपणे लिहिलेला दस्तऐवज नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केंद्राच्या फाटकाच्या आत काय घडले पाहिजे, याविषयी तो अत्यंत काटेकोर होता. संयंत्राची उपलब्धता, इंधनाचा वापर, थंड अवस्थेतून पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचण्याची मुदत आणि त्यात कसूर झाल्यास दंड, अशा बाबी त्यात तपशिलाने आल्या होत्या. मूल्यरचना दोन भागांची होती. केंद्र वीज देण्यास सिद्ध असल्याबद्दल क्षमता आकार आणि प्रत्यक्ष घेतलेल्या विजेबद्दल इंधनाधारित आकार. मंडळाने वीज घेतली नाही, तरी क्षमता आकारातून त्याची सुटका नव्हती. मूल्याचा मोठा भाग अमेरिकी डॉलरशी निगडित होता. मंडळाच्या देण्यामागे राज्य शासनाची हमी आणि तिच्यामागे केंद्र शासनाची प्रतिहमी अशी साखळी उभी होती.

या रचनेचा गणिती अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. ७४० मेगावॅटचे केंद्र महिनाभर ९० टक्के भाराने चालले, तर सुमारे ४८ कोटी युनिट वीज मिळते. क्षमता आकार दरमहा १०० कोटी रुपये धरल्यास त्याचा भार युनिटमागे सुमारे २ रुपये ८ पैसे पडतो. तेच केंद्र ३० टक्के भाराने चालले, तर युनिट १६ कोटी मिळतात आणि हा भार ६ रुपये २५ पैशांवर जातो. इंधनाचा खर्च त्यावर वेगळा. म्हणजेच विजेचा दर करारात लिहिलेल्या सूत्राने जितका ठरतो, तितकाच तो ती वीज ग्रहण करणाऱ्या व्यवस्थेच्या भूकेवर ठरतो. या भूकेचा अंदाज कोणी घ्यावा आणि तो चुकल्यास भार कसा वाटून घ्यावा, याविषयी करारात तुल्यबळ तरतूद नव्हती. अंदाज चुकण्याची सगळी जोखीम मंडळाच्या, पर्यायाने ग्राहकांच्या माथी होती.

४. विश्लेषण झालेच नव्हते काय

विश्लेषण अजिबात झाले नव्हते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. करार होण्यापूर्वीच, एप्रिल १९९३ मध्ये, जागतिक बँकेने २०१५ मेगावॅटचा हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे कळवून अर्थसाहाय्य नाकारले होते. बँकेच्या युक्तिवादाचा गाभा प्रणालीचाच होता. आयात द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारे एवढे मोठे केंद्र सतत चालवावयाचे झाल्यास कोळशावरील स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल आणि मंडळावर मोठा वित्तीय भार पडेल, असे तिचे प्रतिपादन होते. पुढे पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये कराराच्या रचनेची स्वतंत्र चिकित्सा प्रसिद्ध केली.

शासकीय यंत्रणेतही तपासणीची पायरी होती. १९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्यानुसार मोठ्या योजनांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची संमती आवश्यक होती. प्राधिकरणाने नोव्हेंबर १९९३ मध्ये संमती दिली. परंतु विजेच्या किमतीचा प्रश्न वित्त मंत्रालयाच्या पातळीवर तपासला गेला आहे असे गृहीत धरून त्याने स्वतः त्यात लक्ष घातले नाही. एका संस्थेने दुसरीच्या तपासणीवर विसंबावे आणि त्या विसंबण्यात मूळ प्रश्नच निसटावा, असे येथे घडले.

तेव्हा उणीव विश्लेषणाची नव्हती. विश्लेषणाला करारात स्थान नसण्याची होती. प्रतिकूल निष्कर्ष आला तर पुढचे पाऊल थांबेल, अशी अटच कोठे नव्हती.

५. पुनर्वाटाघाटी : गमावलेली संधी

ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य शासनाने प्रकल्प रद्द केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुनर्वाटाघाटींसाठी गट नेमला. या गटाचे काम दोन आठवड्यांच्या आत पूर्ण झाले. सुधारित करारात दर कमी झाल्याची मोठी प्रसिद्धी झाली. मात्र समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल दुसराच होता. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यावा की नाही, हा मंडळाचा विकल्प होता. सुधारित करारात दोन्ही टप्पे बंधनकारक झाले आणि एकूण क्षमता २१८४ मेगावॅटवर गेली.

मूळ करारातील तो विकल्प, कोणी तसे नाव दिले नसले तरी, प्रणाली-विश्लेषणाची एक नैसर्गिक खिडकी होता. पहिला टप्पा चालवून पाहावा, मागणी कशी वाढते हे तपासावे, वसुलीचा अंदाज घ्यावा आणि मग दुसऱ्याचा निर्णय करावा, ही मुभा त्यात होती. पुनर्वाटाघाटींत प्रतियुनिट दरावर लक्ष केंद्रित झाले आणि ही खिडकी बंद झाली. दर हा घटकाचा गुण आहे. विकल्प हा व्यवस्थेचा बचाव होता. घटकाच्या गुणासाठी व्यवस्थेचा बचाव सोडून दिला गेला, असे या व्यवहाराचे वर्णन करता येईल.

६. परिणाम

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वर्षभरातच संकल्पनेत वर्णिलेले थर एकामागून एक उघडे पडू लागले. नाफ्थ्याच्या किमती वाढल्या, रुपया घसरला. राज्य वीज नियामक आयोग अस्तित्वात आल्यानंतर स्वस्त वीज आधी आणि महाग वीज नंतर, या तत्त्वाने खरेदीचा आग्रह वाढला. साहजिकच दाभोळची वीज रांगेच्या शेवटी गेली. वापर घटला की स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला जातो; त्यामुळे २००० साली काही महिन्यांत ही वीज युनिटमागे सात रुपयांच्या आसपास गेली.

वित्तीय थराची स्थिती याहून चिंताजनक होती. मंडळाची पारेषण व वितरण हानी पूर्वी वीस टक्क्यांहून कमी दाखविली जात असे. नियामक आयोगापुढील कार्यवाहीतून ती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे दिसून आले. शेतीपंपांच्या नावे दाखविलेल्या वापराआड गळती आणि चोरी दडली होती. वीस वर्षांच्या देण्याची हमी ज्या संस्थेने दिली, तिला स्वतःची किती वीज विकली जाते हेही नीट ठाऊक नव्हते. खरेदीदाराच्या व्यवस्थेचे स्वतंत्र परीक्षण ही कराराची पूर्वअट असती, तर ही गोष्ट सही होण्यापूर्वी पुढे आली असती.

या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग २८ जानेवारी २००१ चा आहे. मंडळाने मागणी केल्यावर संयंत्र थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण क्षमता गाठू शकले नाही, असे सांगून मंडळाने ४०१ कोटी रुपयांच्या दंडाची मागणी केली. मे २००१ मध्ये करार संपुष्टात आणताना संयंत्राच्या क्षमतेबाबत चुकीची माहिती दिल्याचाच आधार मंडळाने घेतला. मंडळाची खरी अडचण ही होती की ती वीज त्याला परवडत नव्हती आणि पुष्कळ वेळ लागतही नव्हती. पण या अडचणीला करारात शब्दच नव्हते. म्हणून राज्याच्या वीजव्यवस्थेवरील संकटाची तक्रार एका यंत्राच्या तीन तासांच्या विलंबाच्या भाषेत मांडावी लागली. करार ज्या गोष्टींना नाव देतो, त्यांवरच भांडता येते.

माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये सादर केलेल्या अहवालात शासनव्यवहाराच्या अनेक पातळ्यांवरील अपयशावर बोट ठेवले. बंद पडलेले केंद्र २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेले. पुढे देशांतर्गत वायूच्या टंचाईने तेही ठप्प झाले आणि २०१५ मध्ये रेल्वेला वीजपुरवठा करण्याच्या व्यवस्थेतून अंशतः चालू झाले. इंधनपुरवठा हाही प्रणालीचाच घटक आहे, हा धडा त्याच जागी पुन्हा गिरवला गेला.

७. पर्यायी रचना

विश्लेषणाला करारात स्थान देणे अव्यवहार्य आहे, असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये काढलेल्या आदेशात मोठ्या वीज केंद्रांच्या जाळेजोडणीसाठी व्यवहार्यता अभ्यास, प्रणाली-परिणाम अभ्यास आणि सुविधा अभ्यास असे तीन टप्पे घालून दिले होते. प्रत्येक अभ्यासासाठी नमुना करारही सोबत जोडला होता. अभ्यास कोण करील, खर्च कोण देईल, मुदत किती आणि निष्कर्षानंतर अर्जदाराला माघार घेता येईल काय, हे सारे त्यात लेखी होते. एकेका अर्जाचा सुटा अभ्यास फार रेंगाळतो असा अनुभव आल्यावर २०२३ च्या आदेशाने गटवार अभ्यासाची पद्धत आणली. अर्थात हा अभ्यास मुख्यतः तांत्रिक थराचा आहे. परवडण्याचा आणि वसुलीचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो. भारतात २००३ च्या वीज कायद्याने वितरण कंपन्यांच्या वीज खरेदीवर राज्य आयोगांचे नियमन आणले, ही त्या दिशेची महत्त्वाची सुधारणा होय.

यावर अर्थसंस्थांचा आक्षेप असा की, फेरविचाराच्या तरतुदींनी कर्जदाते बिचकतात. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. मात्र सहीनंतरचा फेरविचार आणि सहीपूर्वीची अट यांत भेद करावयास हवा. स्वतंत्र विश्लेषण पूर्ण होऊन प्रसिद्ध झाल्याखेरीज देण्याचे बंधन सुरू होणार नाही, या अटीने कर्जदात्याची निश्चितता उलट वाढते. दाभोळच्या कर्जदात्यांना हमी आणि प्रतिहमी दोन्ही मिळाल्या होत्या. त्यांनी निश्चितता मात्र मिळाली नाही.

विश्लेषण सर्वज्ञ असते, असाही दावा करता येत नाही. मागणीचे अंदाज चुकतात आणि मोल देऊन हवा तसा अहवालही मिळवता येतो. म्हणूनच तरतुदीत तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात : विश्लेषकाचे दोन्ही पक्षांपासून स्वातंत्र्य, गृहीतकांसह अहवालाची खुली प्रसिद्धी आणि बंधनाची टप्प्याटप्प्याने वाढ. यांपैकी तिसरी गोष्ट मूळ दाभोळ करारात अंशतः होती आणि ती सुधारणेच्या नावाखाली गेली, हे विसरता येत नाही.

८. निष्कर्ष

दाभोळ कराराचे अपयश एखाद्या कलमाच्या सदोष शब्दयोजनेत शोधणे अपुरे आहे. तो करार घटकाविषयी फार बोलतो आणि व्यवस्थेविषयी फार थोडे. प्रतिकूल विश्लेषण उपलब्ध असूनही त्याला बंधनाशी जोडणारा दुवा नव्हता. जो एक दुवा विकल्पाच्या रूपाने होता, तो तोडला गेला. महामार्ग, पाणीपुरवठा, मेट्रो, संगणकीकरण अशा क्षेत्रांत शासन आज दीर्घ मुदतीचे करार करीत आहे. त्यांची छाननी करताना दर किती, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. हा भार पेलणारी व्यवस्था कोणी तपासली आणि तपासणीचा निष्कर्ष करारात कोठे नोंदला आहे, हा प्रश्न त्याच्याआधी विचारला गेला पाहिजे. अर्थशास्त्र, विधी, अभियांत्रिकी आणि लोकप्रशासन या विद्याशाखांनी असे करार पाठ्यसामग्री म्हणून एकत्र वाचल्यास ही सवय विद्यार्थिदशेतच लागू शकेल.