नको की नका?

मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी कूलरच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नाही. पंक गायक जोई रमोनचा ‘डोन्ट वरी अबाउट मी’ हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो या घरघरीच्या वरताण आवाज वाढवून. पुण्याला शिकायला गेलेल्या मित्रानं सीडीवर उतरवून आणला होता. पहिलंच गाणं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’: झाडं, फुलं, आकाश, भेटणारे मित्र असं जगातलं चांगलं एकेक मोजत जाणारं. आमच्या खिडकीतून दिसत होत्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर काजळी. मला हसू आलं. दुसऱ्यांदा ऐकताना आलं नाही.

लुई आर्मस्ट्राँगनं हे गाणं 1967 साली गायलं तेव्हा तो 66 वर्षांचा होता. व्हायोलिनांच्या गादीवर रेलून, नातवंडांकडे बघावं तसं तो जगाकडे बघतो. जोईकडे ती गादी नाही. गिटार दणकत येते, ड्रम पाठीमागून ढकलतात आणि तो उंच, किडकिडीत माणूस त्यांच्या वेगानंच फुलं मोजू लागतो. पंकवाल्यांनी जुनं गोड गाणं हाती घेतलं की ते बहुधा त्याची टर उडवतात. सिड व्हिशसनं 1978 साली ‘माय वे’चं काय केलं ते आठवावं. जोई टर उडवत नाही. शब्दांवर त्याचा सरळ विश्वास आहे. हे गाणं बाजारात आलं 19 फेब्रुवारी 2002 ला. गाणारा 15 एप्रिल 2001 लाच लिम्फोमानं गेला होता, पन्नाशीला महिना राहिला असताना.

एवढ्या वेगात दुःख कसं मावतं, असा प्रश्न शहरी समीक्षकाला पडेल. चिमूर-ब्रह्मपुरीकडच्या माणसाला पडू नये. तुकडोजी महाराजांची भजनं इकडे खंजिरीवर म्हणतात. ठेका असा उडता, की नुसता कानावर पडला तर लग्नघर वाटावं. शब्द मात्र देह जाणार असं सांगत असतात. खंजिरी थांबत नाही म्हणूनच ते शब्द सोसवतात. जोईच्या तीन-चार कॉर्डांचं काम मला तेच वाटतं.

रमोन्स या न्यूयॉर्कच्या बॅंडमध्ये, म्हणजे 1974 ते 1996, त्याचा आवाज गिटारीच्या भिंतीआडून यायचा. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर 14 गाणी आहेत आणि ती अर्ध्या तासाच्या आत संपतात. तिथं गायकाला श्वास घ्यायची सवड नव्हती. इथं निर्माता डॅनियल रे यानं भिंतीत खिडक्या पाडल्यात. त्यामुळे ऐकू येतं की हा माणूस स्वर किती लाडानं ताणतो, शब्दाच्या मध्येच उचकी लागल्यासारखा कसा अडतो, आणि साठच्या दशकातल्या पोरींच्या गाण्यांवर त्याचं किती प्रेम होतं. त्यातलीच गायिका रॉनी स्पेक्टर हिची एक छोटी रेकॉर्ड त्यानंच 1999 साली करवून घेतली होती. ती मऊ बाजू इथं उघडी पडते.

आजारावरचं गाणं एकच, ‘आय गॉट नॉक्ड डाउन’. आपल्याकडे मरणाची चाहूल लागली की कवीला पैलतीर दिसू लागतो. याला दिसतो दवाखान्याचा पलंग. पडून पडून आलेला कंटाळा, चीड, आणि मला माझं जगणं परत पाहिजे ही पोरासारखी मागणी. रूपक म्हणाल तर फक्त पडण्याचं आणि उठण्याचं. तेही मुष्टियुद्धातलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. 2000 सालच्या अखेरीस तो बर्फावर घसरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं, हे कळल्यावर ते रूपकही रूपक राहत नाही.

मग येते मारिया बार्टिरोमो! टीव्हीवर शेअर बाजाराच्या बातम्या देणारी खरी पत्रकार. जोई शेअरमध्ये पैसे गुंतवायचा, तिला रोज बघायचा, आणि तिच्यावर त्यानं सरळ प्रेमगीत लिहिलं. पंकचा हा महापुरुष सकाळी टीव्हीसमोर बसून भाव चढला की उतरला ते बघतोय, हे चित्र मला पहिल्या गाण्याइतकंच आवडतं. मरणाऱ्या माणसानं सारखं मरणाचंच बोलावं ही अपेक्षा आपली असते.

अल्बम सगळाच उत्तम नाही. मधली दोन-तीन गाणी भरतीची आहेत. ‘व्हेंटिंग’मध्ये जग बदललं अशी कुरकुर आहे, ती आमच्या पानठेल्यावरही मिळते. 2012 साली दुसरा मरणोत्तर अल्बम आला, कच्च्या ध्वनिमुद्रणांवर मित्रांनी वाजवून पुरा केलेला. तो नीटनेटका आहे. मी पुन्हा लावतो तो पहिलाच.

कारण त्याचं शेवटचं, शीर्षकाचं गाणं. शब्द नीट ऐकले तर ते साधं ताटातुटीचं आहे: एक मुलगा, एक मुलगी, जमलं नाही, माझी काळजी सोड. दवाखान्याचा त्यात पत्ता नाही. गाणारा गेल्यावर मात्र तेच गाणं मुलीकडून आपल्याकडे वळलं. इंग्रजीतला ‘यू’ एकाला चालतो तसा हजारांनाही चालतो, म्हणून हे वळण तिथं बिनबोभाट घडतं. मराठीत आणायचं म्हटलं की पंचाईत. ‘काळजी करू नको’ म्हणावं तर ती एकटी मुलगी. ‘करू नका’ म्हणावं तर सगळे चाहते, आणि मुलगी हरवली.

त्या दुपारी आई दारात येऊन उभी राहिली. पदरानं कपाळ पुसत म्हणाली, “का म्हन्ते गा थो?”

“मायी फिकर नोको करू, म्हन्ते.”

“कोनाले?”