कांद्याची पात आणि लायपोसोम

शेतीच्या रसायनांकडून औषधवाहक लायपोसोमकडे वळलेल्या रसायनशास्त्रज्ञाची ओळख करून देताना 'त्यांनी क्षेत्र बदलले' असे लिहिण्याची रीत आहे. आम्हाला ती फसवी वाटते. राहुरीचा शेतकरी कांद्यावर फवारताना औषधात 'स्टिकर' मिसळतो, कारण मेणचट पातीवरून थेंब ओघळून जातो. स्टिकरच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे मेणाकडे. लेसिथिनचा रेणूही असाच दुहेरी स्वभावाचा; मात्र त्याला शेपट्या दोन, म्हणून पाण्यात त्याच्या दुपदरी पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या बनतात. हेच लायपोसोम. अ‍ॅलेक बँगहॅम व सहकाऱ्यांनी १९६५ साली त्यांवर निबंध लिहिला, आणि तोही इंग्लंडच्या कृषिसंशोधन परिषदेच्या संस्थेत काम करताना! पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व सहकाऱ्यांनी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक लायपोसोममध्ये बसवले. मूत्रपिंडाला होणारी इजा त्यामुळे कमी झाली. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या वेळी याच प्रकारच्या औषधासाठी रुग्णांचे नातेवाईक वणवण फिरले.

पाठ्यपुस्तके मात्र साबण रसायनशास्त्रात आणि पेशीपटल जीवशास्त्रात शिकवून मोकळी होतात. पेशीपटलाच्या धड्याआधी वर्गात कांद्याची पात आणावी. एक थेंब साध्या पाण्याचा, एक साबणाच्या पाण्याचा टाकावा आणि मुलांना पाहू द्यावे.