किती पावसाळे पाहिले?

वयाचा अधिकार सांगताना आपल्याकडे माणूस म्हणतो, तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. अंगणात, बागेत, चौकात मांडायच्या वस्तूंना मी हीच कसोटी लावतो. बांबूचे झोपाळे, जुन्या सागवानाचे बाक, भंगारातून उभे केलेले बैल आणि मोर यांचा गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सुकाळ झाला आहे. प्रत्येकावर ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी असते. वस्तू कशापासून झाली एवढेच ती चिठ्ठी सांगते. उन्हापावसात किती वर्षे टिकेल, मोडली तर कोण दुरुस्त करील, शेवटी कुठे जाईल, याबद्दल ती गप्प असते. या कामांवर जे थोडेफार लिहिले जाते, तेही मालाचे मूळ सांगून थांबते. मार्चमधल्या प्रदर्शनात वाहवा मिळवलेली वस्तू सप्टेंबरात कशी दिसते, हे बघायला कोणी जात नाही.

सुरुवात बांबूपासून करतो, कारण महाराष्ट्रात अशा वस्तूंचे सगळ्यात सकस काम बांबूतच झाले आहे. मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि कोरकू तरुणांच्या हाती हे कौशल्य दिले. सुनील देशपांडे २०२१ साली गेले. काम मागे राहिले. कुडाळची कॉनबॅक ही संस्था २००४ पासून कोकणातल्या बांबूवर काम करते. तिथला माणगा बांबू खालच्या भागात जवळजवळ भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा, म्हणजे खुर्ची-बाकासाठी मुद्दाम घडवल्यासारखा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून सुटला आणि बांधावरचा बांबू कारागिरापर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली. माल आहे, हात आहेत, कायदाही आड येत नाही. तरी उघड्यावरचे बांबूचे फर्निचर आपल्याकडे अजून विश्वासाला पात्र ठरलेले नाही.

माझ्या अंगणात हौसेने आणलेला एक बांबूचा बाक होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या पायांशी बारीक पिवळसर भुकटी दिसू लागली. तिसऱ्या वर्षी एक पाय खचला. बांबूवर प्रक्रिया केली आहे असे विकणाऱ्याने सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बांबू मुरवला की भुंगेरे त्यातल्या पिठूळ अंशाला तोंड लावत नाहीत. माणसाला, मातीला या द्रावणाचा फारसा धोका नाही, म्हणून सगळे तेच वापरतात. पण हे क्षार पाण्यात विरघळतात. छपराखाली ठेवलेला बाक ते वर्षानुवर्षे सांभाळतात. उघड्यावर मात्र पाऊस त्यांना धुऊन काढतो. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण बांबूत पक्के बसते, पावसाला दाद देत नाही, पण त्यात आर्सेनिक आहे. घराबाहेरच्या बांबूकामाचा खरा पेच इथे आहे आणि तो ग्राहकाला मोकळेपणाने सांगणारे निर्माते मला फार कमी भेटले.

या पेचातून पुष्कळशी वाट घडणीतून निघते. किमान तीन वर्षांचा पक्का बांबूच तोडायचा. वर उघडे राहणारे टोक पेराला लागून कापायचे, नाहीतर पोकळ कांडे पेल्यासारखे पाणी धरते. पाय मातीत न रोवता दगडावर टेकवायचे. वर झावळ्यांचे का होईना, छप्पर द्यायचे. जुन्या बुरुडांना आणि कोकणातल्या घर शाकारणाऱ्यांना हे सगळे ठाऊक होते. आजच्या कित्येक देखण्या बाकांची उघडी कांडी पेर सोडून मधेच आडवी कापलेली असतात. आकृती कागदावर सुंदर दिसते, आणि जुलैत प्रत्येक कांड्यात डासांच्या अळ्या असतात. रंगवलेल्या टायरांच्या बैठकांचे तेच. भोके पाडून पाण्याला वाट दिली नाही, तर शाळेच्या आवारात आपण डेंग्यूच्या डासाची सोय करून ठेवतो.

मग पालिका काय करतात? बागांमध्ये सिमेंटचे बांबू उभे करतात. पेरे कोरलेली, हिरवा-पिवळा रंग दिलेली कुंपणे, सालीचे ओरखडे काढलेले सिमेंटचे ओंडके. गावोगावच्या उद्यानांत हे दिसते आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण हा पराभव बांबूचा नाही, आपल्या घडणीचा आहे.

जुने सागवान पावसाच्या परीक्षेत सहज उतरते. वाड्याची तुळई शंभर वर्षे वाळलेली असते. आता ती वाकत नाही, तडकत नाही. सागाच्या गाभ्यातले तेल वाळवीला दूर ठेवते. पुण्यात वाडे पडले तसे खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या बाजारात आल्या आणि त्यांतून उत्तम बाक झाले. ज्या सुताराने खिळ्यांची भोके बुजवली नाहीत, कडी अडकवायचा घासलेला खाचा तसाच ठेवला, त्याच्या बाकावर बसताना घर आठवते. मात्र दोन गोष्टी खटकतात. वाडा पडला म्हणून लाकूड मिळाले; अशा बाकाचे कौतुक करताना वाडा पाडण्यालाही आपण नकळत पुण्य चिकटवतो. दुसरी खटक इपॉक्सीची आहे. दोन फळ्यांच्या मध्ये निळी नदी ओतलेली टेबले सध्या फार चालतात. उन्हात ती राळ पिवळी पडते आणि लाकडापासून पुन्हा सुटी होत नाही. शंभर वर्षांत दोनदा उपयोगी पडलेली फळी तिसऱ्यांदा कोणाच्याच कामाची राहत नाही.

भंगारशिल्पांबद्दल माझे मत अनेकांना रुचणार नाही. लोखंडी भंगार हा कचरा नाही. त्याला भाव आहे. भंगारवाला ते घेतो, भट्टीत जाऊन त्याची सळई होते. ती साखळी आपल्याकडे शासनाने नव्हे, कचरा वेचणाऱ्या बायकांनी आणि फेरीवाल्यांनी उभी केली. पुण्यात १९९३ साली त्यांनी संघटना काढली, तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पत्रा त्या नावात आहे, म्हणजे तो वाया जात नव्हताच. गिअर आणि साखळ्या जोडून घोडा केला, तर कचरा कमी झाला असे म्हणता येत नाही. तो घोडा शिल्प म्हणूनच उभा राहायला हवा. मुंबईचे अर्झान खंबाटा आपल्या अशा कामांना ‘स्क्रॅप्चर’ म्हणतात, आणि त्यांच्या चांगल्या कामांत धातूच्या तुकड्याचा मूळ आकारच आकृतीला वळण देतो. ही दृष्टी दुर्मीळ आहे.

ती नसली की काय होते, ते दिल्लीत सराय काले खानजवळच्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानात दिसते. २०१९ साली सुमारे १५० टन भंगारातून तिथे ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. वेल्डरांचे काम मनापासून दाद देण्यासारखे आहे. पण भंगाराला तिथे स्वतःचे काही बोलू दिलेले नाही. दुसऱ्याचा चेहरा लावून उभे केले आहे. लोक मनोऱ्यापुढे फोटो काढतात आणि निघतात. अनेक शहरांनी तोच साचा उचलला, हे अधिक खेदाचे.

दिल्लीहून चंदीगडला गेले की या कलेने केवढी झेप घेतली होती ते कळते. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास, सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात, गुपचूप काम सुरू केले. ल कॉर्बुझिएचे नवे शहर उभारताना गावे उठवली गेली होती. त्यांचा राडारोडा, फुटकी कपबशी, नदीतले गोटे, विजेची मोडकी बटणे ते सायकलवरून वाहून नेत. जवळजवळ १८ वर्षे कोणाला पत्ता नव्हता. उघडकीला आल्यावर सारे पाडले जाण्याचीच भीती होती. ते टळले आणि १९७६ साली रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले. १९९० च्या सुमारास तिथून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले.

नेकचंद यांनी उचलले ते भंगारवाल्यानेही नाकारलेले. फुटक्या बांगडीला, चिनीमातीच्या कपच्यांना भाव नसतो. त्यांनी सायकलच्या सांगाड्यावर सिमेंट चढवून बायकांच्या मूर्ती केल्या आणि वर बांगड्यांचे तुकडे बसवले. त्या बायकांच्या रांगेसमोर उभे राहिले, की ही बांगडी कोणत्या हातात फुटली असेल, हा प्रश्न मनात येतोच. सिमेंट त्यांनी भरपूर वापरले, हे खरे. पण काच आणि भाजलेली माती पावसाला घाबरत नाहीत. माल निवडतानाच त्यांनी हवामानाचा विचार केला होता. २०१५ साली ते गेले. रांगा उभ्या आहेत.

गोव्याचे सुबोध केरकर एक पाऊल पुढे जातात. डॉक्टरकी सोडून कलेत आलेल्या या माणसाने २०१५ साली पिळर्ण इथे म्युझियम ऑफ गोवा उभे केले. त्यांनी चिनीमातीच्या बशा समुद्रात ठेवल्या आणि त्यांवर शिंपल्या चढू दिल्या. इतरांना ज्या पाण्यापासून वस्तू वाचवायची असते, त्याच पाण्याला त्यांनी सोबतीचा कारागीर केले.

आणखी एक बोलायचे राहते. बागेतल्या शिल्पाशेजारच्या फलकावर आयुक्तांचे, नगरसेवकाचे, प्रायोजकाचे नाव असते. वेल्डरचे नसते. बांबूच्या बाकावर रचनाकाराची मोहर असते, कामट्या काढणाऱ्या बुरुडाची नसते. नाव असते, तर तिसऱ्या पावसाळ्यानंतर खचलेला पाय घेऊन कुणाकडे जायचे ते मला कळले असते.

माझ्या आजोळी अंगणात बाज असे. बाभळीची चौकट, काथ्याची वीण. दर तीन-चार वर्षांनी वीण सैल पडे, मग म्हातारा विणणारा यायचा, जुनी दोरी उसवून बाजूला टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत नवी ताणून द्यायचा. जुनी दोरी परसातल्या उकिरड्यात जाई. चौकट आजोबांच्या वडिलांच्या वेळची होती. वळवाची पहिली सर आली की आजी हाक मारायची, आम्ही कोणीतरी दोघे धावायचो, आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायथ्याकडून उचलून बाज ओसरीवर आणायचो.