मंत्रचळ, स्वभाव आणि सोवळे : 'स्मृतिचित्रे'तील नाना

मंत्रचळ हा आजार आणि मंत्रचळी स्वभाव यांतील भेद १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने ठळक केला. आजारात येणारा विचार स्वतःलाच परका व छळणारा वाटतो. स्वभावात मात्र आपला काटेकोरपणा रास्तच वाटतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. तेथे रुग्णालाच हे विचारता येते. ग्रंथातील व्यक्तीला ते विचारता येत नाही, ही मानसशास्त्रीय समीक्षेची खरी अडचण होय.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचेच पाहावे. १८५७ च्या उठावात जवळच्या आप्ताला फाशी झाली आणि नानांना सोवळ्याने पछाडले; बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतले जाई. लक्षणे जुळतात, आणि घाईने निदान करणाऱ्या समीक्षकाला तेवढे पुरते. परंतु स्पर्शाचा विटाळ हाच जेथे धर्म मानला जाई, तेथे नानांच्या अतिरेकाला समाजाची संमती होती. सारा दोष त्यांच्या मनावर टाकला, तर अस्पृश्यता नामानिराळी राहते. शिवाय नानांना स्वतःला काय वाटे, हे लेखिका सांगत नाही. तिच्या मिस्कील कथनातून दिसतो तो नानांचा धाक आणि धुऊनधुऊन थकलेले घर.