दोषांसकट जीप

संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, 'जीप'. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी जपून विचारलं, 'सर, प्रतीक म्हणून का?' नाही हो, प्रतीक वगैरे काही नाही. चार चाकांची, डिझेल पिणारी, पावसात आतून गळणारी जीप. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरने आत्म्यावर बोलावं, गेलाबाजार कांटवर तरी, अशी लोकांची अपेक्षा असते. ती आम्ही वर्गात तेहतीस वर्षं पुरी केली. आता सुटका आहे.

शिवाय नाशिकात हा विषय परका नाही. या सभागृहात निदान दहा घरं अशी असतील की ज्यांची चूल सातपूरच्या त्या कारखान्यावर पेटली. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून सुरू झालेली कंपनी. १९४७ पासून तिने अमेरिकन विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली. पुढे बोलेरो, स्कॉर्पिओ आणि २०१० साली थार या गाड्या नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. २०२० साली गांधीजयंतीला नव्या रूपातली थार आली, तीही इथलीच. गांधीजयंतीला फोर-व्हील-ड्राइव्ह! असो.

आजचा आमचा प्रश्न साधा आहे. एखाद्या वस्तूवर तिच्या दोषांसकट प्रेम करतात, म्हणजे नेमकं काय करतात? आणि ते नेहमीच कौतुकाचं असतं का?

आधी आमच्या जीपबद्दल. कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण ते सांगणं अशक्यच आहे. सांगाडा लष्करी लिलावातून निघालेला. इंजिन कुठल्याशा टेम्पोचं, गिअरबॉक्स तिसरीकडचा, सीट द्वारक्याच्या मिस्त्रींनी जुन्या बाकांवर रेक्झिन ठोकून केलेल्या. तेव्हा तिच्या दोषांसाठी कोणालाही कोर्टात खेचता आलं नसतं. 'मिलिंदपन्ह' ज्यांनी वाचलं असेल त्यांना नागसेन आठवेल. राजा मिलिंद रथातून आला म्हणतो, आणि भिक्षू विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? 'रथ' हा नुसता व्यवहारातला शब्द, असा तो निष्कर्ष. आम्ही हा धडा वर्गात शिकवायचो आणि दुपारी तशाच एका व्यवहारातल्या शब्दाला ढकलस्टार्ट द्यायचो. (हा प्रश्न फक्त भिक्षूंचा नाही. महिंद्राच्या 'रॉक्सर' गाडीचा चेहरामोहरा जीपसारखा आहे म्हणून अमेरिकेत २०१८ साली तक्रार झाली आणि २०२० साली तिथल्या व्यापार आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने कौल दिला. म्हणजे जीपचं जीपपण चेहऱ्यात असतं असा कायद्याचा निवाडा आहे. नागसेन हसला असता.)

आता जीपवाले बोलतात कसे ते ऐका. कारवाला आपल्या कारचे गुण सांगतो: ॲव्हरेज, एसी, म्युझिक. जीपवाला कधीच गुण सांगत नाही. तो सांगतो, 'स्टेअरिंगला चार बोटं प्ले आहे. ताशी सत्तरच्या वर गेलो की आरसा थरथरून काहीच दिसत नाही. हूडमधून पाणी बरोब्बर डाव्या खांद्यावर पडतं.' आणि हे सांगताना चेहऱ्यावर असं तेज, जणू मुलगा बोर्डात आला. आपल्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात. वरून निंदा, आतून स्तुती. संतांनी विठ्ठलाला ज्या शिव्या दिल्या त्यांचं कूळ हेच. जवळीक असल्याशिवाय अशी निंदा करता येत नाही, हे खरं. पण निंदा करता येते एवढ्यावरून जवळीक निर्मळ ठरते का? हे जरा बाजूला ठेवू. त्याकडे परत यावं लागेल.

ही जवळीक येते कुठून? जर्मनीत हायडेगर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, त्यांनी १९२७ च्या ग्रंथात हातोड्याची गोष्ट सांगितली आहे. हातोडा नीट चालत असतो तोवर आपलं लक्ष खिळ्यावर असतं. तो बिघडला की मगच हातोडा 'दिसतो'. आता जीप ही कायम अर्धवट बिघडलेली वस्तू. ती कधी नजरेआड होतच नाही. कुठला आवाज पाट्यांचा, कुठला क्रॉसचा, कुठला नुसताच डिकीतल्या जॅकचा, हे कानाला कळायला लागतं. पुढचं चाक चिखलात घालण्याआधी खाली उतरून हब फिरवायचा, मग परत चढून दुसरा दांडा ओढायचा. इतकं लक्ष माणूस एखाद्या गोष्टीला वीस वर्षं देतो तेव्हा माया जडतेच. आमच्या मते जीपच्या प्रेमाचं मोठं कारण हेच आहे. मर्दानगी, रानावनाची ओढ, ते सगळं जाहिरातवाल्यांनी नंतर चिकटवलं.

पण दोषांची छाननी करायची तर तत्त्वज्ञानापेक्षा शेजारच्या शेतात जावं लागेल, काव्यशास्त्राच्या. तिथले लोक दोषांबद्दल फार बारकाईने बोलले आहेत. मम्मटाने काव्याची व्याख्या करताना अट घातली की शब्द आणि अर्थ दोषरहित हवेत. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने त्याला धरलं. म्हणाला, अशी अट लावली तर काव्य शिल्लकच राहणार नाही. किड्याने पोखरलेलं रत्न म्हणजे काय रत्न नव्हे? हा जीपवाल्यांचा लाडका युक्तिवाद आहे, त्यांनी विश्वनाथाचं नाव ऐकलं नसलं तरी. मात्र त्याच्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनाने जे म्हटलं ते जास्त कामाचं आहे. काही दोष अनित्य असतात. कानाला टोचणारी कठोर अक्षरं शृंगारात दोष, पण रौद्र रसात तीच शोभतात. रस बदलला की दोषाचा गुण होतो.

हे सूत्र घेऊन २०१० ची थार पाहा. मागे पाटे, तेही टणक. कॉलेज रोडवर स्पीडब्रेकर आला की कवळी हातात यावी. तीच गाडी पावसाळ्यात हरसूलकडच्या कच्च्या वाटेवर घाला. मागे चार पोती, पुढे चिखल, आणि ते टणक पाटे मुकाट्याने ओझं वाहतात. कापडी हूडचंही तसंच. उन्हाळ्यात ओव्हन, पावसात गाळणी, पण कार्तिकातल्या पहाटे मागचा पडदा वर गुंडाळून द्राक्षबागांमधून जा, मग बोला. हे अनित्य दोष. यांच्यावर प्रेम करणारा मूर्ख नाही, त्याला रस कळलेला आहे.

आणि मग नित्य दोष असतात. व्याकरणाची चूक शृंगारातही चूक आणि वीररसातही चूक, अशी काव्यशास्त्राची धारणा. गाडीचं व्याकरण म्हणजे काय? ब्रेक. पट्टा. सीटची पकड. माणूस आपटला तर त्याच्या डोक्याचं काय होतं ते. पहिल्या थारमध्ये मागे समोरासमोर आडवे बाक होते, एअरबॅग नव्हत्या, एबीएस यायला अखेरचं वर्ष उजाडावं लागलं. याला कुठला रस लावणार? घाटात, गावात, लग्नाच्या वरातीत, कुठेही तो दोषच. २०२० च्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस आलं, मागची माणसं समोर तोंड करून बसू लागली, आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. त्यावर जुन्या भक्तांचा शेरा काय? 'आता ती कार झाली हो. मजा गेली.'

या 'मजा गेली'चा आम्हाला राग येतो. तो राग इतरांवर कमी आणि स्वतःवर जास्त आहे, म्हणून ती हकीकत सांगतो. घरच्यांची परवानगी घेतली आहे.

एका जुलैत बाहेरगावचे एक विद्वान आले होते. त्यांना पेठ रस्त्याचा पाऊस दाखवायचा होता. पाहुणे म्हणून ते पुढे बसले, आमच्या सौ. मागच्या आडव्या बाकावर. सावळघाटाच्या अलीकडे एका मोरीवर रस्ता खचला होता. आम्ही विद्वानांना काहीतरी समजावून सांगत होतो. गाडी आदळली, बाक जागेवरून उचकटला, सौभाग्यवतींचं डोकं हूडच्या लोखंडी कमानीवर आणि कंबर खाली पत्र्यावर. पुढे अडीच महिने पाठीला पट्टा आणि जमिनीवर गादी.

अपघात कोणालाही होतो. पण बाकाचे दोन बोल्ट सैल आहेत हे आम्हाला माहीत होतं. मिस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं. आम्ही ते बोल्ट आवळून घेण्याऐवजी त्यांचा किस्सा केला होता. स्टाफरूममध्ये सांगायचो, 'आमच्या जीपचा मागचा बाक म्हणजे झोपाळा आहे, झोपाळा.' लोक हसायचे. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या मोरीचाही किस्सा झाला. जीप कशी उडाली, विद्वानांच्या तोंडचं वाक्य कसं अर्धं राहिलं. एकदा घरी पाहुण्यांसमोर तो रंगात आला असताना आतल्या खोलीतून, जमिनीवरच्या गादीवरून, आवाज आला, 'अजून किती जणांना सांगणार आहात?' बाकी काही नाही.

मघाशी बाजूला ठेवलेली व्याजस्तुती आता घ्या. 'ही अशीच आहे, तरी आम्हाला आवडते', या वाक्यात 'आम्हाला' म्हणजे कोणाला? बोलणारा स्टेअरिंगला धरून बसलेला असतो. त्याला खड्डा आधी दिसतो, त्याचे हात आधाराला असतात. मागे बसणाऱ्याला काहीच दिसत नाही. लोक आईचा दाखला देतात, आजारी लेकरावर तिचा जास्त जीव. बरोबर आहे. पण ती त्याला औषध पाजते, त्याच्या तापाचे किस्से सांगत हिंडत नाही. बोल्ट आवळूनही आम्हाला जीप तितकीच आवडली असती. तिच्यातलं आवडण्यासारखं काही त्या दोन बोल्टांच्या सैलपणात नव्हतं. हे कळायला तर्कशास्त्राच्या पेपरसेटरला अडीच महिने लागले.

आणखी काही माणसं या हिशोबात कधी धरलीच जात नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या रस्त्यांवर काळी-पिवळी जीप ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. आत किती, टपावर किती, मागच्या पायरीवर लोंबकळणारे किती. कोंबड्या वेगळ्या. ती माणसं जीपवर प्रेम करत नव्हती. एसटी निघून गेलेली असायची आणि बाजार गाठायचा असायचा. त्यांच्यासाठी दोष हा दोषच होता, त्याला रस नव्हता. शहरी शौकीन जेव्हा 'रांगडी', 'अस्सल', 'मातीतली' अशी विशेषणं लावतो तेव्हा तो ज्या मातीचं नाव घेतो तिथल्या माणसाला पर्याय मिळाला असता तर त्याने गुळगुळीत रस्ता आणि मऊ सीटच मागितली असती. रांगडेपणा परवडावा लागतो.

तीच गोष्ट डोंगराची. अंजनेरीच्या पठारावर 'सेरोपेजिया अंजनेरिका' नावाची एक नाजूक वनस्पती आहे, त्या डोंगराचंच नाव मिरवणारी. मोठे टायर घेऊन निसर्गाच्या प्रेमापोटी पठारं नांगरत सुटणाऱ्यांना खाली काय चिरडलं गेलं ते सीटवरून दिसत नाही. उंच बसण्याचा हाही एक दोष.

कोणी म्हणेल, म्हणजे सर, जीप वाईट? छे. आम्ही ती पुढेही चार वर्षं ठेवली, हे कबूल करतो. बोल्ट आवळले, मागे धरायला दोन कड्या लावल्या. पाट्यांना मात्र हात लावला नाही आणि हूड गळतच राहिलं. शेवटी निफाडकडच्या एका बागायतदाराने ती फवारणीचा पंप बसवायला नेली. त्या दिवशी आम्हाला जेवण गेलं नाही. सौ. म्हणाल्या, 'आमटी गरम करून देऊ का?' त्यांना नक्की काय वाटलं ते आम्ही विचारलं नाही.

गेल्या वर्षी पुतण्याने अशीच एक नवी उंच गाडी घेतली. कंपनी सांगत नाही, आमच्या घरात तो नियमच झाला आहे. तो काकूला म्हणाला, 'काकू, कुठे जाऊ या?' त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, चुकलं तर दुरुस्त करतील. त्या म्हणाल्या, 'पेठ रस्त्याने घे.' पुढे बसल्या, पट्टा लावला, ओढून पाहिला. घाटाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्ता रुंद झाला आहे, मोरी कोणती ते आम्हाला ओळखता आलं नाही. त्यांना आलं. पाच मिनिटं उतरून उभ्या राहिल्या. मग परत बसताना आम्हाला म्हणाल्या, 'तुम्ही मागे चढा नीट. दांडी धरा.' आम्ही दांडी धरली.

आता प्रश्न घेऊ. मागचे गृहस्थ केव्हाचे हात वर करून बसले आहेत, त्यांना आधी माइक द्या.