भूलभुलैयाचा नकाशा कोणी काढायचा?

आज पेपर नाही, एका खेळाच्या नियमांवर टीका करायची आहे. पेट किंवा नेटचा अभ्यास चालू असेल तरी दहा मिनिटं द्या. संशोधनात पहिल्या वर्षी जे अंगावर येतं, ते या खेळात एका संध्याकाळी अंगावर येतं. म्हणजे नियमांनी येऊ दिलं तर.

खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण ते जग चालवतो, त्याला डीएम म्हणतात. तो म्हणतो, "समोर बोगदा आहे, आत अंधार आहे." तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला तेव्हापासून तळघरं, बोगदे, भूलभुलैया हे या खेळाचं हक्काचं ठिकाण. सुट्टीत मुरुडला आले की चुलतभावंडांना जमवून मी हा खेळ चालवते, आणि दरवेळी बघते की भूलभुलैया आला की खेळ बसतो. पोरं मोबाईल काढतात.

का बसतो? जुन्या पद्धतीपासून बघू. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेलं १९८१ चं 'बेसिक' पुस्तक सांगतं की एका खेळाडूने नकाशा काढत जायचं. डीएम तोंडी सांगणार, तो चौकटीच्या कागदावर उतरवणार. ऐकायला झकास. प्रत्यक्षात असं होतं: "तीस फूट सरळ, मग उजवीकडे वळण, डाव्या भिंतीत दहा फुटांची खाच." "थांब थांब, खाच वळणाच्या आधी का नंतर?" अर्धा तास यातच जातो आणि शेवटी नकाशा चुकतोच. पण ही चूक भूलभुलैयाने केलेली नाही. ती तोंड आणि कान यांच्या मधे झालेली आहे. पात्र तिथे उभं आहे, त्याला खाच दिसते आहे. खेळाडूला मात्र ती ऐकावी लागते. प्रयोगशाळेत वजनकाट्याचं शून्य सरकलेलं असेल तर आधी ते नीट करतो ना आपण? त्या चुकीला कोणी शोध म्हणत नाही.

म्हणून माझा निकष असा: जे पात्राच्या डोळ्यांना दिसतं ते खेळाडूला चुकू देऊ नका, डीएमने सरळ पेन घेऊन काढून द्यावं. जे पात्रालाही दिसत नाही, तिथे मात्र अजिबात मदत करू नका.

दुसरी तऱ्हा याच्या अगदी उलट. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत 'मेझ' नावाचा मंत्र आहे. शत्रूला भूलभुलैयात पाठवायचं. त्याने बुद्धीच्या चाचणीत २० किंवा जास्त आणले की तो बाहेर. मिनोटॉर असेल तर फासाही टाकायला नको, तो आपोआप सुटतो. (ही गंमत मला आवडते.) लढाईतला मंत्र म्हणून हे ठीक आहे. पण कित्येक जण खराखुरा भूलभुलैयाही असाच उरकतात: तीन वेळा फासा जिंकला की सुटलात. वेळ वाचतो, पण सुटल्यावर हातात काय राहतं? कोणता रस्ता बंद होता, आपण कुठे गोल फिरलो, काहीच नाही. पुन्हा आत गेलात तर पुन्हा तेच फासे. आपल्याकडे लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या पोरांना हे लगेच कळेल: उत्तर आलं, पण वाट कोणी विचारली तर गप्प.

तिसरी पद्धत मला सगळ्यात जवळची. फूट-इंच सोडून द्या, फक्त चौक आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा लिहा. ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या पुलांचं हेच केलं होतं. पण इथेही डीएम एक घोटाळा करतात. खेळाडू फिरून जुन्याच चौकात आले की ते सांगून टाकतात, "ही मघाचीच खोली." झालं, संपला भूलभुलैया! 'ही तीच खोली आहे, की तशीच दिसणारी दुसरी?' हा एकच प्रश्न तर तिथे खरा असतो. अनोळखी जागेत फिरता फिरता नकाशा बनवणाऱ्या रोबोंनाही हाच प्रश्न छळतो, त्याला 'लूप क्लोजर' म्हणतात. तिथे चुकीचं 'हो' म्हटलं की अख्खा नकाशा वाकडा होतो.

उत्तर खेळाडूंनाच शोधू द्या. खडू द्या. ट्रेमो यांच्या नावाने ओळखली जाणारी आणि एदुआर लुका यांच्या १८८२ च्या पुस्तकात आलेली पद्धत अगदी साधी आहे. वाटेत शिरताना आणि निघताना खूण करा. नव्या वाटेने जुन्या चौकात आलात तर आल्या पावली परत फिरा. चौकात कोरी वाट उरली नसेल तर एकच खूण असलेली घ्या. दोन खुणांची वाट कधीच घेऊ नका. कुठलीही वाट दोनदापेक्षा जास्त चालावी लागत नाही. आमच्याकडे नववीतल्या पोरीने यातलं अर्धं स्वतःच शोधून काढलं, नाव माहीत नसताना.

आता याला किंमत जोडा, नाहीतर ते नुसतं कोडं होतं. १९८१ च्या नियमांत एक पाळी दहा मिनिटांची, मशाल सहा पाळ्या टिकते, आणि दर दोन पाळ्यांनी फासा टाकायचा: सहात एक शक्यता की काहीतरी अंगावर येईल. समजा १४ वाटा आहेत, एकेकीला एक पाळी. जास्तीत जास्त २८ पाळ्या, म्हणजे पाच मशाली, १४ फासे, आणि सरासरी दोनापेक्षा थोडी जास्त संकटं. आता 'आधी कुठली वाट?' यावर पोरं खरोखर भांडतात. पाच वर्षांची फेलोशिप मिळाली की तुम्हीही असेच भांडाल, गाईडशी नाही तर स्वतःशी.

एक तक्रार राहिली. पुष्कळ डीएमना भूलभुलैया नकोच असतो, त्यांना हवी असते देवगिरीची अंधेरी. शाळेच्या सहलीत वेरूळसोबत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. यादवांच्या त्या किल्ल्यात खंदक ओलांडला की डोंगर पोखरून काढलेला काळोखा, वळणावळणाचा मार्ग लागतो. पायऱ्या उंचसखल आहेत. उजेड दिसला म्हणून वळावं तर शत्रू थेट खाली खंदकात, असं वाटाडे सांगतात. तिथे चौकांचं जाळं नाही. कागदावर काढलीत तर एक वेडीवाकडी रेघ निघेल, आणि ती हातात असूनही माणूस पडेल. अशा जागेत ट्रेमोचा काही उपयोग नाही, आणि वाटा मोजायला लावणं म्हणजे निव्वळ छळ. तिथे डीएमने दर वळणाला एवढंच विचारावं: "मशाल कोणाच्या हातात आहे, आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी काय करता?"